खान नूनियन सिंगची जन्मतारीख

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची भांडणं बहुतेक तारखांवरून होतात. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. प्रकाशापेक्षा वेगानं धावणारी यानं आणि हिरव्या रक्ताचे लोक जे बिनतक्रार पचवतात, ते चार वर्षं इकडची तिकडं झाली तर आदळआपट कशाला करतील? पण करतात. आमच्या घरात ही आदळआपट वर्षानुवर्षं चालू आहे, अर्धी अमरावतीत आणि अर्धी अकोल्यात.

अमरावतीत मी. अकोल्यात माझा थोरला मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचं कृषी केंद्र आहे. तिसरी त्याची मुलगी. ती शिकायला अमरावतीत आमच्याकडेच होती, त्यामुळे बापाविरुद्धची तिची अर्धी लढाई माझ्या स्वयंपाकघरात लढली गेली.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ 'स्टार ट्रेक' लागायचं, तिथून हे वेड सुरू झालं. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवलेली, ७९ भागांची ही मालिका आमच्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली होती. इंग्रजी आम्हाला फारसं कळत नव्हतं. यानाचा कप्तान कर्क मारामारी करतो, त्याचा सहकारी स्पॉक एक भुवई उचलतो, एवढ्यावर आमचं भागायचं. दादाचं मात्र भागलं नाही. मोठा झाल्यावर त्यानं सगळ्या मालिका, सगळे सिनेमे पाहिले आणि एका खत कंपनीच्या डायरीत मागच्या पानापासून सनावळी लिहायला घेतली. त्या डायरीत पुढून युरिया आणि डीएपीची उधारी येते, मागून क्लिंगॉन युद्ध. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ येत चालल्यात, आणि दोन्हीकडं अक्षर तितकंच नेटकं आहे.

२०१७ साली 'डिस्कव्हरी' आली. ही पूर्वकथा. काळ २२५६, म्हणजे कर्कच्या मोहिमेच्या साधारण दहा वर्षं आधीचा. पण यान कर्कच्या यानापेक्षा चकचकीत. क्लिंगॉनांचे चेहरे वेगळे आणि डोक्यावर केस नाहीत. क्षणात कुठंही पोचवणारं बुरशीच्या बीजाणूंवरचं इंजिन, ज्याचा पुढच्या काळात कुणी उल्लेखही करत नाही. आणि नायिका मायकल बर्नहॅम ही थेट स्पॉकची मानलेली बहीण.

दादाचा फोन आला. "स्पॉकले बहीण होती तं पन्नास वर्षं हा बावा चूप कायले होता?"

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, एप्रिल २०१९ मध्ये, लेखकांनी हा गुंता एका झटक्यात सोडवला. यान आणि नायिका दोघांनाही नऊशेहून अधिक वर्षं पुढं, थेट बत्तिसाव्या शतकात पाठवलं. मागं राहिलेल्या स्पॉकनं सुचवलं की या यानाचं नाव यापुढं कुणी काढायचं नाही, काढलं तर तो देशद्रोह. झालं, कर्कच्या काळात कुणाला काही माहीत नसण्याचं कारण मिळालं. पूर्वकथा म्हणून जन्मलेली मालिका एका रात्रीत सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली.

"हिशोब जुळून नाही राह्यला म्हणून गाव सोडून पळाले हे," दादाचा निकाल.

पुतणीचं म्हणणं उलट होतं. ती 'डिस्कव्हरी'तूनच या जगात आली होती, तिला कर्कचं ओझं नव्हतं. ती म्हणायची, "काका, पूर्वकथेत भीतीच वाटत नाही. कर्कच्या आधीच्या कॅप्टन पाइकचं पुढं काय होणार हे १९६६ पासून माहीत आहे. पृथ्वी वाचणार हेही माहीत आहे. मग बघायचं काय? पुढं गेल्यावर निदान कुणीही मरू शकतं." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. बत्तिसाव्या शतकात फेडरेशन मोडकळीला आलेलं, डायलिथियम निकामी होऊन यानं ठप्प झालेली. नव्या लोकांसाठी नवी गोष्ट सांगायला तिथं मोकळं रान होतं. तरी मी तेव्हा दादाच्या बाजूनं होतो. मालिका पुढं गेली याचं मला काही नव्हतं. मागच्या प्रश्नांची उत्तरं न देता त्यांच्यावर शपथेचं कुलूप लावलं, हे खटकलं.

दादाची आणि माझी वाट वेगळी झाली ती पुढच्या पूर्वकथेत. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मे २०२२ मध्ये सुरू झाली. तिनं आमच्या सर्वात लाडक्या तारखेला हात घातला.

ही तारीख खान नूनियन सिंगची. फेब्रुवारी १९६७ मधल्या 'स्पेस सीड' या भागात कर्कला अंतराळात भरकटलेलं एक जुनं यान सापडतं. आत गाढ झोपवलेली माणसं. त्यांचा म्होरक्या खान. यानावरची इतिहासतज्ज्ञ अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. काम केलं होतं मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटालबान यांनी, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. अंतराळात 'आपला' एकजण सापडला होता, तोही खलनायक. स्पॉक सांगतो की १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, पृथ्वीच्या पाव भागाहून अधिक प्रदेशावर याची सत्ता होती.

आता आमच्याकडचा हिशेब मांडून बघा. खानाच्या राज्यात मूर्तिजापूर येणारच. अमरावती-अकोला रस्त्यावर मधोमध असलेलं हे गाव 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीचं जंक्शन: एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन या नॅरोगेजवर सत्तर वर्षं गाडी ओढत होतं. ते निवृत्त होऊन डिझेल इंजिन लागलं १५ एप्रिल १९९४ रोजी. म्हणजे जनुकं सुधारलेला सम्राट पाव पृथ्वीवर राज्य करत होता, झोपून अंतराळात जायची यानं तयार होत होती, आणि त्याच्याच मुलखात मूर्तिजापूरला कोळशाचं इंजिन नुकतं कुठं थांबत होतं. त्यावर कडी म्हणजे रूळ तेव्हाही इंग्रजांच्या काळातल्या एका खासगी कंपनीच्याच मालकीचे!

हा विनोद आम्ही दोघांनी कितीदा केला असेल. पण प्रश्न खराच होता. १९९२ आलं आणि गेलं, खान आला नाही. मग त्याच्या कथेचं काय करायचं? 'व्हॉयेजर' मालिकेची मंडळी १९९६ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये येऊन गेली, तिथं युद्धाचं नाव नव्हतं. ग्रेग कॉक्स यांनी २००१-०२ मध्ये दोन कादंबऱ्या लिहून सांगितलं की युद्ध झालं, पण छुपं, आपल्या बातम्यांच्या आड. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'नं वेगळा मार्ग घेतला. जून २०२३ अखेरच्या भागात खानाची वंशज ला'आन आपल्या एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत येऊन पडते. खानाला मारायला आलेली एक रोम्युलन हेर तिला भेटते आणि वैतागून सांगते: हे सगळं १९९२ मध्ये व्हायचं होतं, मी इथं तीस वर्षं अडकून पडले आहे. इतक्या जणांनी इतिहासात ढवळाढवळ केली की घटनाच पुढं सरकल्या. खान अजून लहान मुलगा आहे, एका खोलीत एकटा बसलेला. ला'आनला त्याला वाचवावं लागतं.

त्या साली पाऊस उशिरा आला होता. मी अकोल्याला गेलो तेव्हा पेरणीची झुंबड होती. दादाच्या काउंटरवर कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पिशव्या, भाव ८५३ रुपये. गिऱ्हाईक पिशवी उलटी करून आधी लॉट नंबर आणि मुदत बघत होतं. दादा पावती फाडता फाडता माझ्याशी भांडत होता.

"होता एक आपल्या इकडला," तो म्हणाला, "त्यालेबी कॅनडात नेऊन टाकलं!"

समोरचा शेतकरी गंभीरपणे म्हणाला, "कोणाचं पोरगं गेलं, भाऊ?"

हसून झाल्यावर दादानं मुद्दा मांडला. त्यानं एक पिशवी उचलून मागची छापील तारीख माझ्यापुढं धरली. "हे खोडून मी इथं नवी टाकली तं आमच्या धंद्यात काय होते, मालूम हाये? लायसन जाते. १९६७ च्या मानसानं १९९२ लिवलं. त्याले जे भेव वाटलं ते त्यानं लिवलं. राहू द्या ना तसंच."

हा त्याचा खरा मुद्दा, आणि तो हलका नाही. जुन्या भविष्यकथेतली चुकलेली तारीख ही त्या काळाची साक्ष असते. अणुबाँबच्या सावलीतल्या लोकांना पुढची पंचवीस वर्षं किती भयंकर वाटत होती, हे त्या १९९२ वरून कळतं. खोडलं की साक्ष गेली.

पण धंदा त्याचा असला तरी नियम मलाही माहीत होते. प्रमाणित बियाण्याची मुदत नऊ महिने. ती संपली म्हणून बियाणं फेकत नाहीत. फेरचाचणी करतात आणि उगवण टिकून असेल तर सहा महिने वाढवून मिळतात. खोडाखोड हा गुन्हा, फेरचाचणी ही रीत. मी म्हटलं, दादा, 'डिस्कव्हरी'नं माल गोदामात लपवला, तिथं तुझी तक्रार बरोबर. यांनी मात्र जुनी तारीख पात्राच्या तोंडून उघड वदवली, ती का सरकली तेही सांगितलं. लपवलं काय?

शिवाय, पिशवीतला मालही आधीच बदलला होता. १९६७ मध्ये खान निवडक पैदाशीतून जन्मलेला होता. १९८२ च्या 'रॅथ ऑफ खान'मध्ये तो जनुकीय अभियांत्रिकीचा झाला. संकरित आणि बीटी यांत किती अंतर आहे हे दादाला कुणी सांगायला नको. त्या बदलावर डायरीत साधी टीपही नव्हती. आणि कर्कनं खानाला तू साधारण दोन शतकं झोपला होतास असं सांगितलं होतं. १९९६ मध्ये दोनशे मिळवले तर २१९६ येतं, डायरीत मात्र २२६७. हिशेब पहिल्या दिवसापासून कच्चाच होता.

"माल बदलला तं गिऱ्हाईक वावरात पाहून घेते," दादा म्हणाला. "तारीख बदलली तं माही पावती खोटी पडते."

परतीच्या गाडीत पुतणीनं विचारलं, "पण काका, तुम्हाला ती तारीख पुढं हवी कशाला? १९९२ वेगळ्या विश्वातलं म्हणा आणि सोडा." सोपी वाट आहे ती. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अशाच दुसऱ्या जगात जातात, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. मोठी सुंदर कथा. पण तिथून पंतांना परत यावं लागतं, कारण ते जग आपलं नाही. खानाचं युद्ध त्या परक्या जगात ढकललं तर युद्धातून शहाणी होऊन भूक, गरिबी संपवणारी पृथ्वीही परक्याचीच होते. मला ती आपली हवी आहे. आपल्या पुढ्यातली हवी आहे, म्हणजे खानाचा धोकाही पुढ्यात ठेवावा लागतो. दादाच्या दुकानाबाहेर जनुकांवरून आंदोलनं होतात. तणनाशक सहन करणारं बियाणं बंदी झुगारून जून २०१९ मध्ये आमच्याच अकोट तालुक्यात, अकोली जहांगीरला जाहीरपणे पेरलं गेलं. काय बदलावं, कुणी ठरवावं, हा प्रश्न इथं रोजचा आहे. खान १९९२ मध्येच अडकलेला असेल तर त्याच्याकडून आम्हाला शिकायला काही उरत नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे: पूर्वकथेनं काळ बदलावा, पण राजरोस. जुनी तारीख कोणती होती आणि ती का टिकली नाही, हे कथेतच सांगावं.

दादाला हे मान्य नाही. त्यानं डायरीत १९९२ तसंच ठेवून समोर 'वादग्रस्त' एवढंच लिहिलंय. पुतणीनं तर आम्हा दोघांना पुढची तारीख दाखवून ठेवली आहे. 'स्टार ट्रेक'प्रमाणे ५ एप्रिल २०६३ रोजी माणूस पहिल्यांदा प्रकाशापेक्षा वेगानं जाणार आणि त्याच दिवशी स्पॉकचे हिरव्या रक्ताचे व्हल्कन लोक पृथ्वीवर उतरणार. ती तेव्हा साठीत असेल. व्हल्कन आले नाहीत तर लेबल बदलायचं की नाही, हे ती ठरवेल. तोवर डायरी तिच्याकडेच आलेली असणार, उधारीसकट.