जुनी मोटार

माझ्या मोटारीचे डावे दार मी पाहुण्यांना लावू देत नाही, यावरून मित्रांनी माझी पुष्कळ थट्टा केली आहे. पण ते दार किंचित उचलून लावावे लागते, ही गोष्ट समजावून सांगण्यापेक्षा आपणच उतरून लावलेले बरे!

माझी मारुती झेन १९९७ सालची. २००६ साली ती जुनी म्हणूनच माझ्याकडे आली. इंजिन अवघे ९९३ सीसीचे, ताकद सुमारे पन्नास घोड्यांची. आज हे आकडे ऐकून माझे विद्यार्थी हसतात. पण अंगाने ती हलकी आणि बुटकी. साताऱ्याहून कासकडे निघालात की यवतेश्वरचा घाट लागतो. दुसऱ्या गियरमध्ये वळण काढून तिला तिसऱ्यात घालावे, आणि शाळा सुटलेल्या पोरासारखी तिने धूम ठोकावी! त्या क्षणी तिचे वय कोण विचारतो?

थंडीच्या सकाळी चोक किती ओढायचा आणि इंजिनाच्या कोणत्या सुराला तो परत ढकलायचा, हे मला कानानेच कळते. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, तुम्ही नुसता आवाज सांगा, रोग मी सांगतो."

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही परीक्षांत आमची बाई उत्तीर्ण झाली. परीक्षेची फी मात्र वाढत चालली आहे. २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती दहा हजार रुपये झाली. पेट्रोलमध्येही आता वीस टक्के इथेनॉल आले. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून मिस्त्रींनी नळ्या बदलून दिल्या.

सौभाग्यवतींचा आक्षेप मात्र खर्चाला नाही. त्या म्हणाल्या, "हिला एअरबॅग नाहीत. पोरीला घेऊन हायवेला जायचं नाही." यावर मला उत्तर सुचले नाही, कारण ते नाहीच. कितीही माया केली तरी पातळ पत्रा जाड होत नाही. तेव्हापासून पुण्याला आम्ही एस.टी.ने जातो. झेन शाळेपर्यंत नेतो, आणि एखाद्या रविवारी मी एकटाच घाट चढून येतो.

भंगारवाला तिची किंमत वजनावर करतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण इतक्या वर्षांत मोटारीची किंमत जसजशी उतरत गेली, तसतशी माझी तिच्याशी ओळख वाढत गेली. मोटार विकली तर लोखंडाचे पैसे येतील. ती ओळख कोण विकत घेणार? चोक किती ओढावा हे जाणणारा हात तेवढा उरेल, आणि ओढायला चोक नसेल.

पुढची परीक्षा २०२७ साली आहे. अभ्यास सुरू आहे, तिचाही, माझाही.