कोपराचं माप

सणावाराला आमच्या घरी ज्यांची आठवण हमखास निघते, त्यांत एक वेल्डर आहेत. नात्यातले नाहीत, गल्लीतलेही नाहीत. शाहपुरात मेन रोडला त्यांचं ग्रिल-फाटकांचं दुकान होतं आणि सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं. दुकान टाकण्याआधी त्यांची उमेदीची वर्षं बऱ्हाणपुरात पॉवरलूम जुळवण्यात गेली होती. त्यांनी आईला कोंबड्यांचं एक खुराडं करून दिलं. त्याच्या लोखंडाचे पैसे आम्ही चुकते केले, बाकीचं देणं तसंच राहिलं.

आमचा मुलूख केळीचा. घरात पैसा यायचा तो घड कापले की, आणि तो वडिलांच्या हाती. अंड्यांचा पैसा मात्र आईचा. त्याचा हिशोब वडिलांनी कधी मागितला नाही. बांगड्या, माहेरचं जाणं-येणं, आमच्या वह्या, सगळं त्या पाच-पंचवीस रुपयांतून निघायचं. म्हणून परसातल्या कोंबड्या म्हणजे नुसत्या कोंबड्या नव्हत्या.

जुनं खुराडं विटा-मातीचं, भिंतीला टेकून, गुडघ्याएवढं उंच. तोंड एवढंसं की कोंबडी वाकून जाई. अंडी काढायची तर आईनं जमिनीवर बसायचं, गाल भिंतीला लावायचा आणि खांद्यापर्यंत हात आत घालायचा. कोंबड्या अंडी घालत नेमक्या पार कोपऱ्यात. आत काय बसलंय ते दिसायचं नाही. एकदा हाताला थंडगार धामण लागली होती. साफसफाई विळ्याच्या टोकानं खरवडून. पिसवा, उवा मग जातील कशा? हातात डबा, पायाखाली राड, अशी रोजची कसरत. पिढ्यान् पिढ्या बायका हे करत आल्या, आणि खुराडं बांधणारा गवंडी त्यात कधी हात घालत नसे.

2006 साली फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला आणि त्या महिन्याच्या अखेरीस आमच्या इच्छापुरात, तेही लोकांच्या परसातल्या कोंबड्यांत. इच्छापूर म्हणजे आमच्या रस्त्यावरचंच गाव. फुकट दिलं तरी अंडं कोणी घेईना. आईनं कोंबड्या ठेवणं बंद केलं आणि त्या खुराड्यात गोवऱ्या भरल्या.

पुन्हा कोंबड्या आणायचं तिच्या मनात आलं तोवर गुडघे गेले होते. खाली बसलं की उठायला कोणीतरी लागायचं. आम्ही म्हणालो, आता कशाला? ती चाचांकडे फाटकाचा कोयंडा दुरुस्त करायला गेली आणि तिथं बोलून आली.

दुसऱ्या दिवशी चाचा टेप घेऊन हजर. मी परस दाखवायला लागलो, किती बाय किती, किती कोंबड्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "भाभी, जरा सरळ उभ्या राहा. आता हात पुढे करा, ताणू नका." आईच्या कोपराची जमिनीपासूनची उंची घेतली. मग हात किती आत पोचतो ते. मग कमरेवर घमेलं घ्यायला लावून अंगाची रुंदी. आई लाजली. मी म्हणालो, "चाचा, कोंबड्यांचं माप?" ते म्हणाले, "मुर्गी दोन बोटांच्या फटीतून बी निघते. रोज काम कोणाला करायचंय?"

लूमवर त्यांनी हेच केलं होतं. पाळीभर उभ्या राहणाऱ्या कारागिराला एक मूठ चार बोटं लांब पडली, तर संध्याकाळी त्याचा खांदा भरून येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पदवीवाल्या माणसालाही सहज न सुचणारी गोष्ट ही.

जागेवरून वाद झाला. वडिलांचं म्हणणं, वास येतो, पार कुंपणापाशी ठेवा. चाचा म्हणाले, "लांब ठेवाल तर भाभी दिवसाआड जातील. मग वास येईलच." खुराडं स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून धुण्याच्या दगडाकडे जायच्या वाटेवरच बसलं. वास आला नाही.

अँगलचा सांगाडा, तळ आईच्या कमरेच्या जरा खाली. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तिरपं आत घुसत नाही. अंडी घालायच्या पेट्या भिंतीबाहेर काढलेल्या, फूटभर लांब-रुंद, त्यांवर उताराचं झाकण. झाकण कोपराच्या उंचीवर उचलायचं आणि उभ्या उभ्या अंडी घ्यायची. आत जायचं कामच नाही. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. बसायचे दांडे पेट्यांपेक्षा उंच, कारण कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा धरते. पेटी उंच असली तर तिथंच झोपून ती घाण करते. दांडे बाभळीचे, कडा घासून गोल केलेले. दांड्यांखाली पत्र्याचा ट्रे, बाहेरून ओढायचा, घमेल्यात उलटायचा. ती विष्ठा उकिरड्यात कुजली की केळीला जाते; ताजी घातली तर मुळं जळतात.

फिरायच्या आवाराला अर्ध्या इंचाची जाळी, तिची खालची कड फूटभर बाहेर वळवून मातीखाली दाबलेली. मुंगूस आणि घूस जाळीपाशीच उकरायला लागतात आणि तिथंच अडतात. दार माणसाच्या उंचीचं, कमरेवर घमेलं घेऊन बाई सरळ आत जाईल एवढं रुंद. ते आत उघडतं, म्हणजे दाराशी गर्दी केलेल्या कोंबड्या बाहेर सटकत नाहीत. कडी एका हाताची. पाण्याचं भांडं बाहेरून भरायचं. कोंबड्यांच्या छोट्या दाराला दोरी, दोरी कप्पीवरून ओट्यापर्यंत. आई चहा टाकता टाकता ती ओढते. पायरीशी एक अरुंद कोपरा मुद्दाम केलेला. मानमोडीची लस द्यायची असली की कोंबड्या तिथं हाकायच्या आणि एकेक उचलायची, आवारभर धावाधाव नाही. खुडूक कोंबडीला बसायला वेगळा कप्पा.

त्या कप्प्यामुळे पुढे मजा झाली. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि सगळ्यांना काळी कोंबडी हवी झाली. आम्हीही आणल्या. पण कडकनाथ अंड्यावर नीट बसत नाही. आई तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवते, एकविसाव्या दिवशी गावठी आई आणि काळी पिल्लं. पाहायला चाचांना बोलावलं तर म्हणाले, "हमारे बऱ्हाणपूर जैसा ही है."

मजुरीचं विचारलं तेव्हा त्यांनी आईकडे पाहून "अंडी पाठवा" एवढंच म्हटलं. आई पाठवायची. पण त्यांच्या घरून ईदला शीरखुर्मा यायचा, त्यामुळे हिशोब कधी आमच्या बाजूनं झुकला नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. मुलाला मजुरीचं पाकीट द्यायला गेलो तर त्यानं हात मागे घेतले. म्हणाला, अब्बांच्या वहीत तुमचं नाव बाकीत नाही.

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे आणि अंडी अजून स्वतः काढते. आसपासच्या गावांतून लोक खुराडं पाहायला येतात, फोटो काढून नेतात. फोटोवरून बांधू नका. सगळी मापं मी वहीत उतरवून ठेवली आहेत, हवी त्यानं घेऊन जावीत. फक्त येताना, तुमच्या घरी अंडी कोण काढतं, तिच्या कोपराची उंची मोजून आणा.