खेकडीचे बाळंतपण

खेकडा म्हटला की मराठी माणसाला ती टोपलीची गोष्ट आठवतेच. झाकण नसलेली टोपली, आत खेकडे, आणि एखादा वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढून त्याला खाली घेतात. ‘हे मराठी खेकडे आहेत, झाकणाची गरज नाही’ असे म्हणून वक्ता हशा वसूल करतो. गोव्यात आम्ही हीच गोष्ट गोवेकरांवर सांगतो. बिदरला गेलो तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी ती मला सीमाभागातल्या मराठी संस्थांवर सांगितली. तिकडे फिलिपाइन्समध्ये तर या वृत्तीला खेकड्याच्याच नावाने ओळखतात. थोडक्यात काय, ज्याला त्याला आपलाच समाज खेकड्यांचा वाटतो. खेकड्याचे यावर काय म्हणणे आहे हे मात्र कोणी विचारत नाही.

मला ते थोडेफार कळले ते भालकी तालुक्यातल्या एका घरात.

आम्हा गोवेकरांच्या लेखी कुर्ली ही मुख्यतः ताटातली वस्तू. पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि घाटाच्या पायथ्याशी बॅटऱ्या घेऊन फिरणारी पोरे, आणि घरी वाटपाचा घमघमाट. कुर्ली पाळतात, हे ऐकूनच आमच्याकडे लोक हसतील. पण बिदर भागात गेलो की मला नेहमी थोडे घरी आल्यासारखे वाटते, त्याचे कारण माती. चहूकडे दख्खनची काळी रेगूर, पण बिदर शहर आणि आसपासचे पठार मात्र लाल जांभ्या दगडाचे, आमच्या चिऱ्याचे सख्खे भावंड! हा जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेतो. त्याच्याखाली काळा फत्तर. दोहोंच्या सांध्यातून ठिकठिकाणी झरे फुटतात. नरसिंह झरणीच्या गुहेत छातीभर पाण्यातून जाऊन देवदर्शन घ्यावे लागते ते याच पाण्यामुळे, आणि गुरू नानक झिऱ्याचे पाणीही याच जांभ्यातले. बहमनी काळात नौबादजवळ जमिनीखालून कोरलेला तीनेक किलोमीटरचा करेझ, ज्याला लोक सुरंग बावी म्हणतात, तोही याच पाण्यासाठी. जिथे असे पाणी, तिथे खेकडा असायचाच.

दख्खनचा हा गोड्या पाण्यातला खेकडा काही नवा नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमध्ये तो पाहिला आणि १८३६ साली वेस्टवूडने त्याला शास्त्रीय नाव दिले. आज त्याला बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस म्हणतात. सशासारखी बिळे करून राहणारा, असा काहीसा त्याचा अर्थ. पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी याच कुळातल्या खेकड्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. पूर्वी बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या पुष्कळांनी त्याची चिरफाड केलेली असे. जिवंतपणी घरात ठेवून त्याला पाहणारे मात्र विरळा.

माझे स्नेही एक निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांचा धाकटा मुलगा बिदरच्या कॉलेजात शिकतो. त्याने माजघराच्या खिडकीत अडीच फुटांची काचेची टाकी मांडली होती. मी आषाढात आठ-दहा दिवस त्यांच्याकडे होतो. मला वाटले मासे असतील. पाहतो तर अर्ध्या टाकीत वीतभर पाणी, उरलेल्या अर्ध्यात चिऱ्याचे तुकडे आणि लाल मातीचा उतार, आणि फुटक्या कौलाखालून बाहेर डोकावणारे दोन डोळे.

‘काय बघूलालाव काका? मादी हाय ती,’ पोरगा म्हणाला.

त्याने मग मला सगळे शास्त्र समजावून सांगितले. हा खेकडा पाण्यात आणि ओल्या हवेत, दोन्हीकडे श्वास घेतो, म्हणून त्याला काठ हवाच. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. तांब्याच्या घागरीतले पाणी मात्र टाकीत चालायचे नाही. गंमत पाहा, खेकड्याच्या रक्तात आपल्यासारखे लोह नसते, तांबेच असते, म्हणून त्याचे रक्त हवा लागली की निळसर दिसते. पण पाण्यातले जास्तीचे तांबे त्याच्या कल्ल्यांना बाधते आणि तो मरतो. खायला शिळ्या भाकरीचा कुटका, उकडलेला पालक, वाळलेली पाने, कधी गांडूळ किंवा सुकट. उरलेले संध्याकाळी काढून टाकायचे, नाहीतर पाणी नासते. कवचासाठी चुना लागतो, म्हणून अंड्याची टरफले.

आणि प्रत्येक खेकड्याला स्वतंत्र कौल. खेकडा वाढतो तो कात टाकून. जुन्या कवचातून बाहेर पडला की तो काही दिवस लोण्यासारखा मऊ असतो, आणि त्या अवस्थेत दुसऱ्याच्या तावडीत सापडला तर संपलाच. लपायला जागा असेल तर तो गुपचूप बसतो, आपलीच टाकलेली कात खाऊन तिच्यातला चुना परत मिळवतो, आणि टणक झाला की बाहेर येतो. पाय ओढाओढी टोपलीत दिसते, कारण टोपलीत कौल नसते! एकमेकांवर रचलेले, पायाखाली काही नसलेले ते जीव हाताला लागेल ते धरतात. आणि झाकणाचे म्हणाल तर त्या टाकीला जाळीचे झाकण होते आणि झाकणावर चांगला पाच किलोचा दगड. ‘हवेच्या नळीला धरून रात्री चढतेत आन् पळून जातेत,’ पोरगा म्हणाला. ही जोडी त्याने उन्हाळ्याच्या शेवटी गावच्या नाल्यातून आणली होती. पहिला मोठा पाऊस झाला, आणि आता मादीच्या पोटाखाली अंडी होती.

इथेच घरात वाद पेटला.

गुरुजींच्या आई ऐंशीच्या पुढच्या. घरात सगळे त्यांना अज्जीच म्हणतात. थोरल्या नातवाच्या बायकोला सातवा महिना लागला होता, तिला माहेरी आळंदला पाठवायची तयारी चालली होती. आणि अज्जींनी टाकीतली अंडीवाली खेकडी पाहिली. ‘पोट फुटून मरतीय ती. लेकरंच खातेत तिला. घरात दोन जिवाची पोर हाय, आन् हे काय आणून ठेवलालास?’

‘अज्जी, फुटत नाही. झाकण असतंय, ते उघडतंय नुस्तं.’

‘तू मला शिकीव!’

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘आईचं म्हणणं मोडवत नाही, आन् पोराचं चूक म्हणवत नाही. काय करावं सांगा.’ मी पाहुणा, मी काय सांगणार! पण अज्जींना अडाणी म्हणायची माझी तयारी नव्हती. कारण हा समज त्यांचा एकटीचा नाही, तो फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात जयद्रथ द्रौपदीला पळवायला येतो, तेव्हा ती त्याला बजावते की मला नेणे म्हणजे खेकडीने गर्भ धरण्यासारखे आहे, स्वतःचाच नाश! म्हणजे दोन हजार वर्षे तरी आपण हे धरून चाललो आहोत की खेकडीचे बाळंतपण म्हणजे तिचे मरण. सातव्या महिन्यातली पोर घरात असताना एखाद्या म्हातारीचा जीव कासावीस होणारच.

शेवटी निकाल त्या पोरीनेच दिला. ती म्हणाली, ‘राहू द्या भाऊजी. मलाच बघायचंय काय होतंय ते.’ अज्जी रागावून आत गेल्या. टाकीवर दिवसा जुने लुगडे टाकायचे, एवढी तडजोड झाली.

चौथ्या-पाचव्या रात्री पोराने आम्हाला उठवले. टॉर्चच्या उजेडात पाहिले. खेकडीच्या पोटाखाली दुमडलेला एक रुंद पडदा असतो. नराचा अरुंद, मादीचा ताटलीसारखा. अंडी फुटून पिल्ले आधीच बाहेर आलेली होती आणि त्या पडद्याच्या आत एकमेकांना धरून बसली होती. आता तो पडदा सैल झाला होता आणि ज्वारीच्या दाण्याएवढे खेकडे एकेक करून बाहेर उतरत होते. अळी नाही, काही नाही, पहिल्या क्षणापासून दोन नांग्या आणि आठ पाय असलेला पुरा खेकडा! उजेड हलला की चार-दोन पुन्हा पडद्याआड शिरत. मी साठांपर्यंत मोजली, मग मोजणे सोडून दिले. पोट फुटल्यासारखे दिसते खरे, आणि समज तिथूनच निघाला असावा. वहिनी टाकीला नाक लावून कितीतरी वेळ तशीच बसून होती. एक हात आपल्या पोटावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकडी काठावर येऊन भाकरीचा कुटका खात होती. अज्जी पाणी आणायच्या निमित्ताने खिडकीपाशी आल्या, लुगडे जरा उचलले. ‘जिती हाय की ग!’ एवढेच म्हणाल्या. टाकीवरचे लुगडे मात्र त्यांनी घडी करून बरोबर नेले.

आमच्या खाडीतल्या मोठ्या कुर्लीचे असे नसते. ती अंडी घालते ती लाखांनी, आणि ती सोडायला समुद्राकडे जाते. तिथे पिल्ले तरंगत्या अळ्यांच्या रूपात एकामागून एक अवस्था पार करतात, आणि लाखांतून एखादे खेकडा होते. परदेशी शौकीन जे थायलंडचे नखाएवढे लिम्नोपिलोस खेकडे टाकीत पाळतात, त्यांचीही पिल्ले तरंगतीच, म्हणून त्यांना घरी वाढवणे भारी अवघड. आपल्या ओढ्यातल्या खेकडीने तो समुद्र सोडला आणि सगळा प्रवास आपल्या पोटाखालच्या पडद्यात आणला. अंडी थोडी, पण मोठी. पिल्ले पायांवर उभी राहीपर्यंत ती उतरवत नाही.

आणि आपण मातृत्वाचा मान दिला कोणाला? कासवीला. कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते, हा दाखला आपल्या संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येतो. दाखला म्हणून तो फार सुंदर आहे. पण खरी कासवी वाळूत खड्डा करून अंडी पुरते आणि निघून जाते. पंचतंत्राने तेवढा खेकड्याला न्याय दिला आहे. त्यात एक आई प्रवासाला निघालेल्या मुलाला एकटा जाऊ नकोस म्हणून सोबत खेकडा देते, आणि तोच त्याला सापापासून वाचवतो. खेकडीला संत करावे असे मात्र माझे म्हणणे नाही. पिल्ले उतरल्यावर काही दिवसांत ती त्यांना ओळखत नाही. म्हणून पोराने तिला लगेच वेगळ्या टाकीत हलवले.

पण या पडद्यातल्या वाढीची किंमतही आहे. ज्याची पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत दूर जात नाहीत, तो प्राणी आपल्या ओढ्याचाच होऊन राहतो. सह्याद्रीत एका दरीतला खेकडा दुसऱ्या दरीत सापडत नाही, ते यामुळेच. २०१६ साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून एकदम पाच नव्या जाती जाहीर केल्या. पण ओढा गेला की त्याचा खेकडा गेला, बाहेरून दुसरा येत नाही. २००९ साली जगातल्या गोड्या पाण्यातल्या बाराशेंहून अधिक खेकड्यांचा आढावा घेतला गेला, त्यात सहावा हिस्सा धोक्यात निघाला आणि जवळजवळ निम्म्यांची माहितीच अपुरी. इकडे कलबुर्गीपर्यंत तुरीचे रान पसरले आहे. शेंगा पोखरणाऱ्या अळीवर मारलेले औषध पावसाबरोबर नाल्यात उतरते, आणि अळी व खेकडा हे दोघेही सांधेदार पायांचेच प्राणी. औषधाला त्यांच्यातला फरक कळत नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी पोराने बहुतेक पिल्ले बादलीत घेतली आणि जिथून त्यांचे आईबाप आणले होते त्याच नाल्यावर आम्ही गेलो. दुसऱ्या नाल्यात सोडायची नाहीत, आणि दुकानातून आणलेले परदेशी खेकडे तर कुठेच सोडायचे नाहीत, हा त्याचा नियम. एका बाजूचा काठ यंत्राने खरवडून सरळ केला होता. दुसऱ्या बाजूला जांभ्याच्या कपारी आणि करंजाची मुळे शिल्लक होती. आम्ही त्या बाजूने बादली कलती केली. दोन मिनिटांत एकही दिसेना.

आळंदहून पुढे गुरुजींचा फोन आला. मुलगी झाली, दोघी खुशाल. अज्जींनी विचारायला सांगितले होते, गोव्यात बाळंतिणीला कुर्लीचा रस्सा देतात का म्हणून.