शह बसण्याआधी

राजाला शह बसलेला असताना किल्लेकोट करता येत नाही. राजा ज्या घरावरून सरकणार तिथे मार असला तरी नाही, आणि जिथे जाऊन थांबणार तिथे असला तरीही नाही. राजा एकदा जागचा हलला की दोन्ही बाजूंचा हक्क गेला. हत्ती हलला तर त्या बाजूचा गेला. बुद्धिबळाच्या सगळ्या नियमांत मी सर्वांत जास्त वेळ या नियमापाशी रेंगाळते. राजाला वाचवणारी ही चाल राजावर बेतल्यावर मिळतच नाही. ती निवांतपणी खेळावी लागते, आणि निवांत असताना तर दुसऱ्याच चाली खुणावत असतात: घोडा पुढे घ्यावा, मधले प्यादे रेटावे, समोरच्याच्या वजिराला जरा हुसकवावे.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. भोसरीच्या एमआयडीसीत त्या दिवशी लेथचा आवाज थांबतो, आणि चिंचवडच्या आमच्या सोसायटीत दुपारी पट मांडला जातो. समोर बसतात ते काका निवृत्त आहेत. त्यांचे सगळे आयुष्य टूलरूममध्ये गेले. मायक्रॉनच्या हिशेबात जगलेला माणूस घाईने काही करत नाही. माझा हात राजाकडे गेला की ते मान वर न करता म्हणतात, "अगं, जॉब पुरता आवळायच्या आधी डायल फिरवून बघतात." म्हणजे राजा कुठे लपेल हे नंतर बघ, हत्ती कोणत्या पट्टीवर लागेल ते आधी बघ.

हे मला त्यांच्याकडूनच पटले. नवशिक्याला सांगतात, लवकर किल्लेकोट कर, दहा चालींच्या आत कर. सल्ला चांगलाच आहे, पण अपुरा. एका चालीत दोन मोहरी हलवण्याची मुभा बुद्धिबळात एवढ्या एकाच ठिकाणी आहे, आणि त्यातला राजा सगळ्यांच्या नजरेत भरतो, हत्ती भरत नाही. 1858 मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फीने ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर या जोडीशी खेळलेला डाव पुन्हा मांडून पाहा. बाराव्या चालीला मॉर्फीने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. त्याचा राजा तेव्हा कसल्याही संकटात नव्हता. त्याला हत्ती हवा होता, वजिराच्या पट्टीवर, जिथे काळ्याचा घोडा जखडला गेला होता. सतराव्या चालीला त्याच पट्टीवर मात झाली, आणि काळ्याचा राजा तोवर आपल्या मूळच्या घरातच होता. भरवशाची जागा शोधणे आणि हल्ल्याला हात घालणे, दोन्ही एकाच चालीत.

उलट बाजूही आहे. कंपनीची बस मोशीवरून इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकणला पोचते. रस्त्यावर ट्रेलरमागे ट्रेलर, त्यांवर नव्याकोऱ्या गाड्या. आणि गावात शिरलात तर संग्रामदुर्गाचे अवशेष. हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, आसरा फक्त खंदकाचा आणि तटाचा. 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने तो शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे सुमारे दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला आणि तट उडवला. त्याच पावसाळ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. पन्हाळा संग्रामदुर्गापेक्षा कितीतरी बळकट, तरी जुलैमधल्या एका रात्री महाराज तो सोडून विशालगडाकडे निघाले. फिरंगोजीचे झुंजणे आणि महाराजांचे निघणे, दोन्हींपुढे मी सारखीच नतमस्तक होते. तट जाड आहे की नाही याइतकेच बाहेर पडायची वाट आहे की नाही हे मोलाचे, हे मला पटावरही दिसते. किल्लेकोटानंतर राजापुढची तिन्ही प्यादी जागची न हलवता ठेवली की राजा सुरक्षित वाटतो. मग शत्रूचा एक हत्ती शेवटच्या ओळीवर येतो, आणि आपल्याच प्याद्यांनी वाट अडवलेल्या राजाला सरकायला घर उरत नाही.

देशी बुद्धिबळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटे. राजाला शह बसलेला नसेल तोवर त्याने एकदाच घोड्यासारखी झेप घ्यायची. खेड तालुक्यातले माझे आजोबा तसेच खेळत, आणि त्यांच्या लेखी प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. खेळ बदलत होता याची खूण जुनी आहे: 1814 मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत छापला गेला, तोही युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊन. मला यात मोलाचे वाटते ते हे की झेप असो वा किल्लेकोट, अट एकच राहिली. एकदाच, आणि वेळेआधी.

अलीकडे ही चालच काढून टाकावी असे व्लादिमिर क्रामनिकने सुचवले. राजे फार लवकर सुरक्षित होतात, डाव बरोबरीकडे झुकतात, असे त्याचे म्हणणे. 2021 मध्ये डॉर्टमुंडला तो आणि विश्वनाथन आनंद किल्लेकोटाविना चार डाव खेळले. क्रामनिक अडीच विरुद्ध दीडने जिंकला. राजे मधे अडकून पडलेले पाहायला थरार आहे, हे खरे. तरी ती चाल गेली तर खेळातून एक निर्णय जाईल, आणि तो मला फार प्रिय आहे. किल्लेकोट न करता तो हाती राखून ठेवणे हेही खेळणेच आहे. केंद्र बंद आहे, प्यादी एकमेकांना भिडून उभी आहेत, तोवर समोरच्याला कळत नाही की माझा राजा डावीकडे जाईल की उजवीकडे. त्याला दोन्ही बाजू राखाव्या लागतात. ज्या क्षणी मी ठरवते, त्या क्षणी त्याला कुठे चालून यायचे ते कळते. केंद्रातले प्यादे मारले जाणार अशी चाहूल लागली, की मात्र थांबणे संपले.

काकांबरोबरचा डाव गेल्या गुरुवारी अर्धा राहिला, कारण दिवाबत्तीला त्यांना घरी जायचे होते. कागदावर मोहऱ्यांच्या जागा लिहून ठेवल्या आहेत. काका काळी मोहरी घेऊन आहेत. त्यांनी वजिराच्या बाजूची प्यादी दोन-दोन घरे पुढे काढली आहेत, म्हणजे तिकडे माझा राजा गेला तर ती त्याच्यावरच येणार. राजाच्या बाजूला मी स्वतःच कडेचे प्यादे रेटले आहे, तिथले कवच सैल आहे. मधली प्यादी पुढच्या दोन चालींत सुटतील आणि त्यांचा हत्ती आधीच माझ्या राजाच्या पट्टीवर आहे. चाल माझी आहे. सेकंड शिफ्टच्या परतीच्या बसमध्ये मी तो कागद काढून बसले, आणि मोशीच्या गर्दीत बस थांबली तेव्हा ठरवले: वजिराच्या बाजूला. त्यांची प्यादी येईपर्यंत तीन चाली मिळतात, आणि वजिराच्या पट्टीवर आलेल्या हत्तीला तीन पुरतील.