हौसाबाईची गाडी

अकरा महिने हौसाबाई मेढ्याच्या एसटी स्टँडवर उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि मुलाचा शाळेचा दाखला. समोर जावळीतला उभा-आडवा पाऊस. तिला तिथं तशी सोडून मी निघून आले होते. माझ्या कादंबरीचं ते १४३वं पान.

थांबायला मोठं कारण घडलं नव्हतं. मी दूध संघात हिशेबाला आहे. मार्चअखेर आली की घरी यायला रात्र होते. मग मुलीची परीक्षा, मग घरात तापाची साथ. पहाटेचा माझा तास आधी दोन दिवस चुकला, मग आठवडा. महिन्याभरानं कागद काढले, तेव्हा हौसाबाईच्या घराच्या जोत्याला पायऱ्या किती होत्या हेही मला आठवेना. लिहिणं सुटतं ते असं. त्या घरातली रोजची ये-जा थांबते आणि मग आपल्याच उंबऱ्याशी आपण पाहुण्यासारखे घुटमळतो.

पहिली पन्नास पानं झपाटल्यागत होतात. शेवट तर कधीचा मनात लिहून ठेवलेला असतो. जीव काढतं ते मधलं रान. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा पाच दिवसांत लिहिली. हे मला पूर्वी फार लागायचं. पाच दिवस! आता वाटतं, त्या आठवणी त्यांच्यात किती वर्षं मुरत होत्या, ते दिवस कोण मोजणार? मला जास्त आधार वाटतो तो श्री. ना. पेंडशांचा. जन्म मुर्डीचा, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, आणि मनात कायम दापोली-खेडचा मुलूख. ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालची. ‘तुंबाडचे खोत’चे दोन जाडजूड खंड आले १९८७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या आसपास. एका घराण्याच्या इतक्या माणसांचे जन्म, हेवेदावे, मरणं सांभाळत शेवटच्या पानापर्यंत जायचं, तेही त्या वयात. मला त्या पुस्तकाच्या थोरवीइतकीच त्याच्या पुऱ्या होण्याची नवलाई वाटते.

सांभाळणं हाच शब्द खरा. मी परत बसले ते थेट पुढं लिहायला नाही. आधी सगळं वाचून काढलं. आमच्या ऑफिसातले पाठकोरे कागद मी वापरते, कडेला भोकं असलेले जुने प्रिंटआउट. १४३व्या पानाच्या पाठीवर कुठल्याशा गावच्या सकाळच्या संकलनाचे आकडे आहेत : लिटर, फॅट, एसएनएफ. पुढच्या बाजूला हौसाबाई भिजतेय. वाचताना सापडलं, दुसऱ्या प्रकरणात सात वर्षांचा असलेला तिचा मुलगा नवव्यात अकराचा झालाय, आणि कथेत सरलीत दोनच वर्षं. एका बैलाचं नाव मधेच बदललंय. एक नणंद तर लग्न होऊन गेली ती कुणाच्या आठवणीतसुद्धा परत आली नाही. मी मागच्या कोऱ्या जागेत प्रत्येकाचं वय मांडलं, पेरणी-काढणीचे महिने मांडले. तीन आठवडे गेले. नवी एक ओळ झाली नाही, पण जोत्याच्या पायऱ्या तीन होत्या हे पुन्हा पाठ झालं.

पण पुढं लिहायला मला बसवलं ते सासूबाईंनी. त्यांना दिसतं कमी, म्हणून सुरुवातीची प्रकरणं मी त्यांना वाचून दाखवली होती. मी लिहायचं सोडलं, त्या मात्र ऐकायच्या थांबल्या नव्हत्या. एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारलं, “त्या बाईला गाडी मिळाली का गं?”

“नाही, आई.”

“आन् पाऊस?”

मला उत्तर देता येईना. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. आठवड्याला अंक निघायचा, म्हणजे यमूचं पुढं काय झालं याची वाट पाहणारी घरं होती. इतकं असून त्यांच्याही काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. त्या पुस्तकांतली माणसं कुठल्या दारात, कुठल्या वाटेवर थांबली असतील, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या मनाला लागलं. माझ्या वाटेकडं डोळे लावून तर एकच म्हातारी बसली होती. पण बसली होती.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठले. नळाला पाणी येतं साडेपाचला. तेवढ्यात सहा ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी पाच. त्यानंतर एकदा दोनच, आणि त्याही खोडल्या. तरी रोज उठून स्टँडवर जायचं, एवढं धरून ठेवलं. सतराव्या दिवशी साताऱ्याची गाडी लागली. कंडक्टरनं पेटीतलं तिकीट ओढलं, पंच टकटक वाजवला, हौसाबाईनं पदराची गाठ सोडून भिजलेली नोट त्याच्या हातावर ठेवली.

रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बसायला मिळालं का तिला? लई वेळ उभी हाय.”

ते मी लिहिलंच नव्हतं. पहाटे उठून आधी तिला खिडकीजवळची जागा दिली.