दगडफुलाचा पत्ता

भाईंदरच्या एका घरात गोडा मसाला भाजला जात असता नातवाने कढईतील काळपट, कुरळा तुकडा उचलला. “आजी, हे कोणत्या डोंगरावरचे?” “वाण्याकडचे, बाळा!”

आजीचे उत्तर खोटे नव्हते. पोत्यात शिरताच दगडफुलाचा पत्ता हरवतो. ते फूल नव्हे, आणि पुष्कळदा दगडावरचेही नव्हे. कवक व शैवल यांच्या सहजीवनातून घडलेले ते शैवाक होय. डोंगराळ मुलखातील दमट हवेत झाडांच्या सालींवर ते अतिशय सावकाश वाढते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रहात शैवाकांचे नमुनेही जपलेले आहेत. अशा संग्रहात वाळलेल्या तुकड्याबरोबर जाती, स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव नोंदलेले असते. तुकड्याइतकेच मोल त्या चार ओळींना असते. कारण दूषित हवा शैवाकांना मानवत नाही. ती हवेच्या निरोगीपणाचे माप ठरतात, असे विल्यम नीलँडर यांनी पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानाच्या पाहणीवरून १८६६ सालीच लिहिले होते. पुढे कोणी अभ्यासक ती नोंद घेऊन त्याच डोंगरावर जातो, तेच झाड शोधतो आणि भिंगातून साल न्याहाळतो. कधी शैवाक सापडते. कधी नुसती साल असते, कधी झाडही नसते.