रोवलेला दांत आणि घरचीं माणसें

दांतांचें आरोग्य हा विषय आमच्याकडील सुशिक्षित घरांतूनही बराच उपेक्षित राहिला आहे. कोणास चष्मा लागला तर त्याची वाच्यता होते. कोणास मधुमेह जडला तर त्याचें पथ्य साऱ्या स्वयंपाकघरास पाळावें लागतें. पण दाढ पडली तर ती ज्याची त्यानें मुकाट्यानें सोसावयाची, अशी जणूं रीतच पडून गेली आहे. 'वय झालें, आतां दांत जावयाचेच,' एवढ्या एका वाक्यावर त्या प्रकरणाचा निकाल लागतो. अलीकडे मात्र जबड्याच्या हाडांत धातूचा खिळा रोवून त्यावर पक्का दांत बसविण्याची विद्या, म्हणजे ज्यास सर्वत्र 'इम्प्लांट' म्हणतात ती, तालुक्याच्या गांवांपर्यंत येऊन पोंचली आहे. आणि 'एका दिवसांत नवे दांत' अशा तिच्या जाहिराती खेड्यांतील मोबाइलवरही दिसूं लागल्या आहेत. या विद्येचे गुण जाहिरातींतून भरपूर कळतात. तिच्यांतील धोके कोणते, ते कोणास अधिक, आणि ते ओळखावे कसे, हें मात्र घरच्या माणसांनीं स्वतः विचारल्यावांचून कळत नाहीं. हा प्रश्न आमच्याच घरीं उभा राहिला तेव्हां जें विचारलें व जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें वडिलोपार्जित घर बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत, उंद्री येथें आहे. थोरले बंधु अण्णा व वहिनी तेथें शेती सांभाळून राहतात. त्यांचीं मुलें पुण्यास असतात. आम्ही जाऊन-येऊन असतों. वऱ्हाडांतील जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि हिंवाळ्यांत हुरडा. दाढांवांचून त्याचा निभाव लागणें कठीण. अण्णांच्या खालच्या दोन दाढा गेलेल्या होत्या, हें घरांत ठाऊक होतें. वहिनींच्या मात्र वरच्या बाजूच्या बहुतेक दाढा गेल्या असून त्या कित्येक महिने भाकरी वरणांत भिजवून खातात, हें पुण्याहून आलेल्या सुनेच्या लक्षांत येईपर्यंत कोणासच ठाऊक नव्हतें. ज्यांच्या हातचें सारे जेवतात त्या स्वतः काय आणि कशा जेवतात, हें पाहण्याची संवय आपल्या घरांना अजून लागावयाची आहे.

आमचा पुतण्या मातृभक्त आहे. 'आई, आतां कवळी वगैरे कांहीं नको. तुम्हां दोघांनाही पक्केच दांत बसवून घेऊं,' असें त्यानें सांगून टाकलें. खर्चाचा आंकडा लहान नव्हता. पण तो देण्याची त्याची मनापासून तयारी होती. बरोबर जाण्याचें काम आमच्याकडे आलें.

या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९५२ च्या सुमारास ब्रेनमार्क नांवाचे एक स्वीडिश संशोधक सशाच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेलीं टायटॅनियम धातूचीं उपकरणें ते काढूं गेले, तों तीं निघेनात. हाड त्या धातूस जणूं आपलाच अंश समजून घट्ट चिकटलें होतें. या निरीक्षणावरून पुढें १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें गोस्टा लार्सन या गृहस्थाच्या जबड्यांत त्यांनीं पहिले खिळे बसविले. लार्सन २००६ सालीं वारले. तोंवर सुमारें ४० वर्षें त्या खिळ्यांनीं त्यांस साथ दिली. १९८२ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें परिषद भरली व त्यानंतर ही पद्धत जगभर मान्यता पावली. आज योग्य माणसास कुशल हातानें बसविलेल्या १०० खिळ्यांपैकीं सुमारें ९५ दहा वर्षांनंतरही टिकून असतात. म्हणजे ही विद्या फसवी नव्हे. परंतु खिळा टिकून असणें आणि त्याच्या भोंवतालची जागा निरोगी असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि उरलेल्या पांचांत आपलें माणूस असेल तर त्यास त्या पंच्याण्णवांचा काय उपयोग?

धोक्यांचा विचार तीन काळांत विभागून केला म्हणजे तो नीट ध्यानांत राहतो. पहिला काळ प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा. खालच्या जबड्याच्या हाडांतून एक मज्जातंतु जातो व हनुवटीजवळ बाहेर येऊन खालचा ओठ व हनुवटी यांस संवेदना पुरवितो. खिळ्यासाठीं पाडलेलें भोंक त्यापर्यंत पोंचलें तर ओठ बधिर होतो, किंवा त्यांत मुंग्या व आग सुरू होते. आमच्या नात्यांतील एका गृहस्थांनीं एका मोठ्या शहरांत घाईनें हें काम करवून घेतलें. त्यास आतां बरीच वर्षें झालीं, तरी चहा ओठावरून ओघळला तर त्यांस तो कळत नाहीं. जेवतांना ते दर घांसानंतर पंचानें हनुवटी पुसतात, आणि त्यामुळें पंगतींत बसणें टाळतात. दांत मात्र त्यांचा उत्तम आहे! वरच्या जबड्यांत दाढांच्या वर हाडांतच एक पोकळी असते. तेथें हाड पातळ असल्यास खिळा पोकळींत शिरण्याची भीति असते. खालच्या बाजूस आंतून रक्तवाहिनी दुखावली तर जिभेखालीं रक्त सांचून श्वासास अडथळा येऊं शकतो. हें क्वचित् घडतें, पण घडल्यास जिवावर बेततें. शिवाय हाड हें सजीव आहे. भोंक पाडतांना तें सुमारें एक मिनिटभर ४७ अंश सेल्सियसहून अधिक तापलें तर तेथील पेशी मरतात व खिळा धरत नाहीं. म्हणूनच हें काम सावकाश, गार पाण्याची धार सोडून करावें लागतें.

दुसरा काळ पुढील तीन ते सहा महिन्यांचा. या अवधींत हाड धातूस धरतें, किंवा धरत नाहीं. येथें जंतूंचा संसर्ग, धूम्रपान, ताब्यांत नसलेला मधुमेह व अवेळीं पडलेला चावण्याचा भार हीं विघ्नें असतात. 'एका दिवसांत दांत' हें कांहीं निवडक रुग्णांत शक्य आहे, नाहीं असें नाहीं. पण हाड एका दिवसांत धरत नाहीं, हें जाहिरातींत लिहिलेलें नसतें. आमच्या विदर्भांत खर्रा व सुपारी यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. पण सुपारीचें व्यसन गेलें नाहीं. नित्य सुपारी चघळणारांच्या गालांचें आंतील अस्तर ताठर होऊन तोंड पुरतें उघडेनासें होतें, व मग हत्यार आंत जाण्यासच जागा उरत नाहीं. हा विकार कर्करोगाकडेही वळूं शकतो, म्हणून अशा माणसानें नव्या दांताआधीं तोंडाची तपासणी करवून घ्यावी.

तिसरा काळ मात्र आयुष्यभराचा, आणि आमच्या मतें खरा धोका येथेंच आहे. नैसर्गिक दांत हाडाशीं बारीक तंतूंनीं बांधलेला असतो. त्या तंतूंमुळें खडा चावला गेला तर आपण झटकन थांबतों. रोवलेल्या दांतास ते तंतु नसतात. त्याला जोर समजत नाहीं, आणि दुखणेंही उशिरां समजतें. त्याच्या भोंवतीं अन्नाचें किटण सांचलें म्हणजे पायोरियाचाच भाऊबंद असा एक रोग होतो. प्रथम घांसतांना थोडें रक्त दिसतें, मग पू येतो, आणि आंतल्या आंत हाड झिजूं लागतें. दुखत नाहीं म्हणून माणूस जात नाहीं. खिळा हलूं लागतो तेव्हां जातो, आणि गेलेलें हाड तेव्हां सहजासहजीं परत येत नाहीं. दांत खाण्याची संवय असलेल्यांत स्क्रू ढिला होणें, वरील टोपी तुटणें हेही प्रकार घडतात.

आम्ही ज्या दंतवैद्यांकडे गेलों त्यांनीं प्रथम तोंड न पाहतां औषधांच्या चिठ्ठ्या मागितल्या. अण्णांचें प्रकरण सरळ निघालें. साखर नाहीं, हाड पुरेसें. अडचण एवढीच कीं जेवणानंतर तंबाखूची चिमूट. ती सोडल्याखेरीज काम करणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. वहिनींनीं मधुमेहाची गोळी सांगितली व त्या थांबल्या. घरीं आठवड्यांतून एक दिवस त्या उपाशीपोटीं एक गोळी घेऊन अर्धा तास आडव्या होत नाहींत, तें आम्हांस आठवलें व आम्हीं विचारलें. 'ती हाडांची आहे. दांताच्या डॉक्टरांना ती कशाला सांगावयाची?' असें त्या म्हणाल्या. ती गोळी त्या सहा वर्षें घेत होत्या.

डॉक्टरांनीं लेखणी खालीं ठेवली. हाडांची झीज थांबविणारी ही औषधें जुनें हाड विरघळण्याची क्रिया मंद करतात. पण जबड्यास जखम झाली म्हणजे तें बरें होतें तेंही जुनें विरघळून नवें घडण्याच्या याच क्रियेनें. अशा रुग्णांत जबड्याचें हाड उघडें पडून मृत झाल्याचे प्रकार २००३ पासून नोंदले जाऊं लागले. कर्करोगासाठीं हीं औषधें शिरेंतून देतात तेव्हां हा धोका बराच असतो. साध्या गोळीनें तो फार थोडा असतो, पण चार वर्षांहून अधिक काळ घेतल्यास वाढतो, आणि मधुमेह जोडीस असला तर आणखी विचार करावा लागतो. आपल्या मनानें गोळी बंद करणें हाही उपाय नव्हे. मांडीचें हाड मोडलें तर तें दांतापेक्षां महाग पडतें. त्यांनीं वहिनींच्या वैद्यांस पत्र लिहिलें व तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी मागविली. तिचा आंकडाही वाईटच आला. दोघांचें मत एक पडलें: वहिनींनीं कवळीच करावी.

घरीं हें मानवलें नाहीं. पुतण्यास वाटलें, आपण पैसे देत असतांना आईच्या वांट्यास उणें तें आलें. अण्णा म्हणाले, 'मग माझेंही राहूं द्या.' त्यावर वहिनी म्हणाल्या, 'अहो, माझ्या दुखण्याचा उपास तुम्ही कशाला करतां? मला भाकरी चावतां आली म्हणजे झालें.' आम्हांस वाटतें, त्या दिवशीं घरांतील सर्वांत शहाणें वाक्य तेंच होतें.

अण्णांनीं तंबाखू सोडली व दोन खिळे बसवून घेतले. त्यास आतां तीन वर्षें होत आलीं. ते दर सहा महिन्यांनीं एस्.टी.नें चिखलीस जाऊन सफाई करवून येतात. एकदां स्क्रू ढिला झाला तो तेथेंच घट्ट केला. वहिनींची कवळी पहिला महिना टोंचत होती व डबीतच पडून असे. दोनदां घांसून घेतल्यावर ती बसली. ऊस तिनें खातां येत नाहीं. भाकरी, दाणे व थोडा हुरडा खातां येतो. एकाच घरांत, एकाच वर्षीं, एकच उपाय एकास हितकर व दुसऱ्यास अपायकारक ठरला. रोपण चांगलें कीं वाईट, हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. कोणाच्या तोंडांत, कोणाच्या हातून, आणि पुढें त्याची निगा कोण राखणार, असा तो विचारला पाहिजे.

ज्या घरीं असा विचार चालू असेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. माणूस घेत असलेलें प्रत्येक औषध, मग तें आठवड्याचें असो वा सहा महिन्यांनीं टोंचून घ्यावयाचें, कागदावर लिहून न्यावें. रक्त पातळ ठेवणारी गोळी तर विचारल्याविना बंदही करूं नये व लपवूंही नये. हाडाची जाडी व मज्जातंतूची जागा दाखविणारी त्रिमितीय क्ष-किरण तपासणी आमच्या प्रकरणांत लागेल काय, हें विचारावें. दंतवैद्यांची नोंदणी आपल्या देशांत १९४८ च्या कायद्यापासून चालत आली आहे. ती विचारण्यांत कोणाचा अपमान नाहीं. मन साशंक असेल तर दुसरें मत घ्यावें. नागपूर येथें १९६८ पासून व छत्रपती संभाजीनगर येथें १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. खिळ्याच्या वेष्टनावरील कंपनीचें नांव, माप व क्रमांक असलेली चिठ्ठी मागून घेऊन घराच्या दस्तऐवजांत ठेवावी. दहा वर्षांनीं दुसऱ्या गांवच्या डॉक्टरांस स्क्रू बदलावा लागला तर तिच्यावांचून त्यांचा इलाज चालत नाहीं. आणि शस्त्रक्रियेनंतर ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशींही गेला नाहीं, किंवा जिभेखालीं सूज चढूं लागली, तर 'उतरेल हळूहळू' म्हणून वाट पाहूं नये, तत्काळ कळवावें.

सरतेशेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. पैसा दूर असलेल्या मुलांस पाठवितां येतो. पण रोज रात्रीं म्हाताऱ्या माणसानें दांत घांसले कीं नाहीं, हिरडीस रक्त येतें कीं काय, हें जवळच्या माणसासच पाहावें लागतें. रोवलेल्या दांताची हमी कारखानदार कागदावर देतो. त्याचें आयुष्य मात्र घरच्या माणसांच्या नजरेवर अवलंबून असतें. तेवढी नजर ठेवण्यास कोणी नसेल, तर साधी, काढतां येणारी, धुतां येणारी कवळी हाच प्रेमाचा व शहाणपणाचा मार्ग आहे, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.